येळ्ळूर, कंग्राळी, हिंडलगा, काकती: पहिलं घर गावठाणात घ्यावं की लेआउटमध्ये?

कामधंदा बेळगावात, पण घरामागं चार हात परडं हवं, असं ठरलं की या गावांत दोन वाटा उरतात. गावठाणातलं जुनं कौलारू घर, नाहीतर शिवारात पडलेल्या एन.ए., म्हणजे बिगरशेती, लेआउटमधला प्लॉट घेऊन बांधकाम. बाँड पेपरवर मिळणारे गुंठा-दोन गुंठे ही तिसरी वाट धरू नका. ते स्वस्त असतात, कारण त्यात मालकी विकलीच जात नाही. मालकी बदलायला नोंदणीकृत खरेदीपत्रच लागतं.

कागद

गावठाणातलं घर आधी कागदांवर अडतं, भिंतींचं नंतर. पंचायतीचा मिळकत नंबर आणि ई-स्वत्तूचे, म्हणजे पंचायत मिळकतींच्या सरकारी ऑनलाइन नोंदीचे, फॉर्म 9 व 11-ए आहेत का ते पाहा. 11-बी, म्हणजे नियमात न बसणाऱ्या मिळकतीचा फॉर्म, हाती आला तर बहुतेक बँका तिथंच थांबतात.

खरी गाठ भाऊबंदकीची. खात्यावर नाव एकाचं, हक्क सातजणांचा. आजोबांचं घर तोंडी वाटलेलं असतं: सोपा थोरल्याचा, परडं धाकट्याचा, आणि बहिणींना कुणी विचारलेलंच नसतं. 2005 ची वारसा कायदा दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा निकाल यांमुळं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून धरला जातो, वडील केव्हा वारले याचा त्याच्याशी संबंध नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वीची नोंदणीकृत वाटणी मात्र टिकते. म्हणून वंशावळ मागा आणि तिच्यातल्या प्रत्येक हक्कदाराची खरेदीपत्रावर सही घ्या, नाहीतर आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून घ्या. ‘अक्का काही म्हणणार नाहीत’ हा कागद नव्हे.

बोजा दाखला, म्हणजे ईसी, 30 वर्षांचा काढा. कावेरी पोर्टलवर साधारण 2004 नंतरच्याच नोंदी सापडतात, त्याआधीच्या उपनोंदणी कार्यालयातून काढाव्या लागतात. मिळकत नंबर मधल्या काळात बदललेला असेल तर जुन्या आणि नव्या दोन्ही नंबरांवर शोध घ्या, नाहीतर कर्जाचा बोजा जुन्या नंबराखाली लपून राहतो. 1956 पर्यंत हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने दस्त मराठीत, क्वचित मोडी लिपीत, तर नवे कन्नडमध्ये. चतुःसीमा सगळ्यांत सारखी आहे का, हे या लिप्या वाचणाऱ्याकडून तपासून घ्या.

लेआउटचे कागद मोजके, पण प्रत्येकाचा आग्रह धरा: बिगरशेतीचा आदेश, बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) लेआउट मंजुरी, आणि 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटला रेरा नंबर, म्हणजे स्थावर मिळकत कायद्याखालची प्रकल्प नोंदणी. बुडाच्या नियोजन हद्दीत नुसता पंचायतीचा शिक्का पुरत नाही. मंजूर नकाशावर आपला प्लॉट उद्यानाच्या किंवा सी.ए. साइटच्या (सार्वजनिक सोयींसाठी राखलेल्या) जागेत तर नाही ना, हे बघा. मूळ शेताच्या पहाणीतला (आर.टी.सी. उताऱ्यातला) 9 नंबरचा रकाना मालकाचा, 11 नंबरचा इतर हक्क आणि बोज्यांचा. जमीन सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली निघाली तर अशा जमिनींच्या हस्तांतरावर बंदी घालणाऱ्या 1978 च्या पी.टी.सी.एल. कायद्याखाली, सरकारी परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होऊ शकते. वडगाव, शहापूर, हलगा, मच्छेकडं बायपासच्या भूसंपादनात सर्व्हे नंबर आहे का, तेही विचारा.

पैसे

पंचायत हद्दीत मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्या शुल्कावर 10 टक्के सेस आणि 3 टक्के अधिभार. नोंदणी फी ऑगस्ट 2025 अखेरीपासून 2 टक्के. एकूण 7.65 टक्के, म्हणजे 30 लाखांवर 2,29,500 रुपये. ही रक्कम गृहकर्जात धरली जात नाही.

बँकेनं कमाल 90 टक्के दिले तरी 30 लाखांच्या घराला 3 लाख आणि हे शुल्क, असे 5,29,500 रुपये हाताशी हवेत. जुन्या घराचं मूल्यांकन मात्र वयामुळं घसरतं. बँकेनं तेच घर 24 लाखांचं धरलं तर कर्ज 21.6 लाख, आणि तुमचा वाटा शुल्क सोडून 8.4 लाख. प्लॉटवर शुल्क फक्त जागेचं भरावं लागतं, नंतरच्या बांधकामावर नाही. उलट नुसत्या प्लॉटला कर्ज कमी टक्क्यांत मिळतं, आणि बांधकाम पुरं होईपर्यंत हप्ता व भाडं दोन्ही सोसावं लागतं.

भिंती आणि माती

जुनं घर जुलै-ऑगस्टमध्येच पाहा. उन्हाळ्यात सगळी घरं कोरडी दिसतात. वासा भिंतीत शिरतो तिथं पेचकस टोचा. सहज आत गेला तर कुजणं किंवा वाळवी. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला असेल तर ओल आत कोंडते आणि पोपडे सुटतात, तिथं चुन्याचाच गिलावा हवा. कौलं उतरवून त्याच भिंतींवर स्लॅब टाकायचा बेत असेल तर तो सोडा, मातीची भिंत ते वजन पेलत नाही. स्लॅब हवाच असेल तर आरसीसी खांब उभे करावे लागतात, आणि बोळातून ट्रक जात नसल्यानं खडी-वाळू डोक्यावरून वाहायची मजुरी वेगळी. शेजाऱ्याबरोबरची भिंत सामाईक असेल तर ती दस्तात लिहून घ्या.

प्लॉटमध्ये माती बघा. येळ्ळूर, वडगावच्या काळ्या शिवारात जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते. पाया मुरमापर्यंत नेला नाही आणि प्लिंथ बीम (जोत्यावरची काँक्रीटची तुळई) घातला नाही तर कोपऱ्यांत तिरप्या भेगा येतात. बळ्ळारी नाल्याच्या आसपासचे सखल प्लॉट पावसाळ्यात पाण्यात जातात. पश्चिमेला हिंडलग्याकडं तांबडी माती, तिथं पाया उथळ चालतो.

एकच मालक, वाटणी झालेली, पाऊस झेललेल्या भिंती: असं घर मिळालं तर आम्ही गावठाणाकडं झुकू, कारण पाणी, दुकान, शाळा पायाशी असते. हिस्सेदार तीनपेक्षा जास्त आणि त्यातला एक परगावी असेल, तर लेआउट बरा.

इसार, म्हणजे संचकार, देताना करारात लिहून घ्या: वारसांच्या सह्या आणि 11-ए ठरल्या तारखेपर्यंत मिळाले नाहीत किंवा बँकेनं कागद नाकारले, तर पूर्ण रक्कम परत. हे कलम मान्य नसेल तर पुढचं घर बघा.