खाली उतरवलेल्या तारा: जुनी गिटार घेताना झालेली फसवणूक

गेल्या वर्षी जानेवारीत मी माहीमच्या एका घरी जाऊन मार्टिन या अमेरिकन कंपनीची 1973 सालची डी-18 गिटार 1,85,000 रुपयांना विकत घेतली. तरुणपणी गिरगावात गणेशोत्सवाच्या ऑर्केस्ट्रांमध्ये मी नेहमी उसन्या गिटारवर वाजवले होते, त्यामुळे निवृत्तीनंतर स्वतःची एक चांगली जुनी गिटार असावी ही इच्छा फार वर्षांची होती. विकणारा गृहस्थ जुन्या वाद्यांची देवघेव करतो. त्याचे नाव मी येथे देत नाही, परंतु त्याने काय केले ते तपशीलवार सांगतो, कारण हीच युक्ती आणखी कोणावर चालू नये असे मला मनापासून वाटते.

गिटार हातात घेतली तेव्हा तारा एक पूर्ण स्वर खाली लावलेल्या होत्या. कारण विचारले, तर तो म्हणाला, “सर, पन्नास वर्षांचं लाकूड आहे. पूर्ण ताण दिला की टॉप उचलतो, म्हणून मी जपूनच ठेवतो.” टॉप म्हणजे खोक्याची तारांखालची पातळ लाकडी फळी. बोलण्यात इतकी आपुलकी होती की मला ते पटले. वास्तविक स्टीलच्या सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या की गिटारवर सुमारे 70 किलोची ओढ येते आणि ती सोसण्यासाठीच हे वाद्य बांधलेले असते. सगळ्या तारा एक स्वर खाली उतरवल्या की ही ओढ साधारण एक पंचमांशाने घटते, आणि पुढे झुकलेली नेक, म्हणजे गिटारची लांब मान, पाहणाऱ्याला ठीकठाक वाटते.

अॅक्शन, म्हणजे तारांची नेकपासूनची उंची, तरीही थोडी जास्त होती. त्यावर त्याने सांगितले की ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतला धातूचा गज, अर्धा फेरा फिरवला की ती खाली येईल. याच वाक्यावर मी उठून यायला हवे होते. मार्टिनने फिरवता येण्याजोगा ट्रस रॉड 1985 पासून बसवायला सुरुवात केली. 1973 च्या गिटारच्या नेकमध्ये पोलादी चौकोनी नळी असते आणि ती कोणालाही फिरवता येत नाही. शिवाय ट्रस रॉड असला तरी तो नेकचा बाक दुरुस्त करतो, नेक आणि खोक्याच्या सांध्याचा कोन नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. टॉपवर चिकटवलेल्या, तारा अडकवण्याच्या लाकडी ठोकळ्याला ब्रिज म्हणतात आणि त्यातल्या, तारा टेकतात त्या अरुंद पट्टीला सॅडल; हे सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम दीड मिलिमीटर दिसत होते, म्हणजे अॅक्शन खाली आणण्यासाठी ते आधीच घासून संपवलेले होते, हेही माझ्या लक्षात आले नाही.

घरी आल्यावर मी तारा योग्य सुरात लावल्या. मार्चपर्यंत बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) जाड तारेची उंची चार मिलिमीटर झाली आणि जुलैत ती पाचवर गेली. चांगल्या गिटारवर ती अडीचच्या आसपास असते. मी फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “पावसाळ्यात असंच होतं सर, ऑक्टोबरपर्यंत थांबा.” या उत्तरात अर्धे सत्य होते, आणि त्यामुळेच मी फसत गेलो. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते, तर मुंबईच्या पावसाळ्यात ती सहज 80 च्या वर जाते. लाकूड ओलावा पिते, टॉप फुगतो आणि ब्रिज वर उचलला जातो. म्हणून मी थांबलो. ऑक्टोबर उलटला, हवा कोरडी झाली, तरी उंची फारशी उतरली नाही, आणि नेकच्या टाचेशी, जिथे ती खोक्याला मिळते तिथे, एक फट उघडली. तिच्यात व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा सहज जात होता.

गोरेगावचे एक वयस्कर कारागीर गिटार दुरुस्त करतात. त्यांनी आधी स्टीलची लांब पट्टी फ्रेटांवरून ब्रिजपर्यंत टेकवली. पट्टीचे टोक ब्रिजच्या माथ्यावर यायला हवे. माझ्या गिटारवर ते तीन मिलिमीटर खाली, ब्रिजच्या पोटावर आदळले. मग त्यांनी टाचेवरचे, गिटार गळ्यात अडकवण्याच्या पट्ट्याचे बटण काढले. बटणाखाली तीन इंची लाकडी स्क्रू होता. सुटलेला सांधा त्याने ओढून धरला होता, आणि बटण केवळ त्याचे डोके झाकण्यासाठी बसवले होते. पंधरावा फ्रेट काढून त्याखाली बारीक भोक पाडून त्यांनी वाफ सोडली. कारखान्यात वापरलेला गोंद अशा वाफेने मऊ होतो आणि नेक अलगद सुटते. इथे ती सुटेना. आरशाने पाहिले, तेव्हा सांध्यात पिवळट इपॉक्सी, म्हणजे घट्ट होऊन बसणारा रासायनिक चिकट पदार्थ, ओतलेले दिसले. काका म्हणाले, “साहेब, नेक वाकली तर त्यात लाज नाही. बरीच वर्षं वाजलेल्या गिटारची नेक पुन्हा बसवावी लागतेच. पण हे ज्याने केलंय, त्याने दुसऱ्याला दुरुस्त करायची वाटसुद्धा ठेवलेली नाही.”

मला राग येतो तो याच गोष्टीचा. नेक पुन्हा बसवायची आहे असे सांगून त्याने किंमत चाळीस हजारांनी कमी केली असती, तरी मी आनंदाने गिटार घेतली असती. त्याने दोष सांगितला तर नाहीच, उलट तो लपवताना वाद्याचे कायमचे नुकसान केले.

पैसे परत मिळाले नाहीत. निम्मी रक्कम रोख दिली होती, पावती घेतली नव्हती, आणि डिसेंबरनंतर त्याने माझा फोन उचलणे बंद केले. पोलीस ठाण्यात हा दिवाणी मामला असल्याचे सांगण्यात आले. वाद्याची अवस्था लिहून दिलेला साधा कागद, त्यावर “नेकचा सांधा कधीही उघडलेला नाही” एवढे एक वाक्य आणि सही असती, तरी माझ्या हातात काही पुरावा राहिला असता.

गिटार सध्या काकांकडेच आहे. इपॉक्सी कापून नेकचा शेवटचा तुकडा नव्याने जोडावा लागणार आहे. गेल्या आठवड्यात त्याच माणसाने विक्रीसाठी काढलेल्या दुसऱ्या एका जुन्या गिटारचे फोटो माझ्या पाहण्यात आले; तिच्याही टाचेवर नवेकोरे बटण आहे आणि तारा सैल दिसतात. माहीमला अशी गिटार पाहायला कोणी जाणार असेल, तर तारा समोर योग्य सुरात लावायला सांगा, अर्धा तास तशाच ठेवा, एक लांब पट्टी बरोबर न्या, आणि ते बटण काढून दाखवण्याचा आग्रह धरा.