शाळेच्या टेबलाआधीची तयारी: लॅटिनो पालकांसाठीच्या एका केंद्राचा अनुभव

लॉस एंजेलिसमधील ज्या पालक केंद्राविषयी मी लिहीत आहे, ते विशेष गरजा असलेल्या लहान मुलांच्या कुटुंबांना शाळाप्रवेशाच्या काळात विनामूल्य मार्गदर्शन करते. तेथे येणारे बहुतेक पालक मेक्सिको, ग्वाटेमाला आणि एल साल्वादोर येथून आलेले आहेत आणि सारे कामकाज स्पॅनिशमध्ये चालते. मी बालवाडीत विशेष शिक्षिका असल्यामुळे या केंद्रातून तयार होऊन आलेले पालक मला शाळेच्या बैठकांत भेटतात आणि केंद्राच्या कार्यशाळाही मी पाहिल्या आहेत.

या सेवेचे महत्त्व कळण्यासाठी तिसऱ्या वाढदिवसाला काय घडते हे माहीत असावे लागते. कॅलिफोर्नियात तोपर्यंत मुलाला रीजनल सेंटरमार्फत, म्हणजे विकासात्मक अडचणी असलेल्यांना सेवा मिळवून देणाऱ्या स्थानिक संस्थेमार्फत, मदत मिळते, आणि थेरपिस्ट बहुधा घरी येऊन जमिनीवर बसून मुलाशी खेळत काम करतात. तीन वर्षे पूर्ण होताच पात्र मुलांची जबाबदारी शाळा-जिल्ह्याकडे, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेकडे, जाते. त्यासाठीची बैठक किमान ९० दिवस आधी व्हावी आणि वाढदिवसापर्यंत वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, तयार असावा, असे संघीय कायदा सांगतो. ज्या आईचा संबंध आजवर एका ओळखीच्या थेरपिस्टशी होता, तिच्यासमोर अचानक मानसतज्ज्ञ, शिक्षक, प्रशासक आणि दुभाषा अशी मंडळी बसतात, व शिक्षकांचा शब्द मोडू नये या संस्कारात वाढलेली ती आई समोर येईल त्या कागदावर मान डोलावते.

केंद्राने नेमके याच क्षणावर लक्ष दिले आहे. मार्गदर्शन करणाऱ्या बहुतेक जणी स्वतः अशा मुलांच्या माता आहेत, आणि माझ्या मते सेवेचे खरे बळ तेच आहे, कारण कायद्याची माहिती पत्रकातूनही मिळते, पण ‘मी हा कागद घरी नेऊन वाचेन’ हे वाक्य सर्वांसमोर कसे उच्चारायचे, हे त्यातून गेलेलीच शिकवू शकते. कार्यशाळेत त्या बैठकीची प्रत्यक्ष तालीम होते. त्याच दिवशी सही करण्याचे बंधन नाही, पालकांच्या लेखी संमतीशिवाय पहिल्या सेवा सुरू होत नाहीत, दुभाषा पुरवणे शाळेचे काम आहे आणि मोठ्या भावंडाला त्या कामाला बसवू नये, मागणी केल्यास कॅलिफोर्नियात आराखड्याची स्पॅनिश प्रत मिळते, हे सारे तालमीच्या ओघात पक्के होते. (टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसणाऱ्या आम्हा शिक्षकांना अशा पालकांमुळे बैठका लांबलेल्या जाणवतात, त्या लांबायलाच हव्यात.)

घरी स्पॅनिश बोलल्याने मुलाचे बोलणे मागे पडते, हा जुना सल्ला अजूनही अनेकांच्या कानावर येतो. दोन भाषांमुळे भाषिक विलंब होत नाही, हे केंद्र ठामपणे सांगते; आजीशी बोलणे तोडून मुलाचे काहीच भले होत नाही. मुलाची चाचणीही त्याच्या भाषेचा विचार करूनच व्हायला हवी, हा कायद्याचा आग्रह येथे नीट समजावला जातो. कागदपत्रे नसलेल्या पालकांची भीतीही टाळली जात नाही: प्लायलर विरुद्ध डो या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या निकालामुळे स्थलांतर-दर्जाच्या कारणावरून मुलाला सार्वजनिक शाळा नाकारता येत नाही, हे पहिल्याच सत्रात स्पष्ट केले जाते.

उणिवाही आहेत. बहुतेक सत्रे कामाच्या दिवशी सकाळी होतात, त्यामुळे रोजंदारीवरील वडील क्वचितच दिसतात. मेक्सिकोतील ओअहाका राज्यातून आलेल्या काही कुटुंबांत झापोटेक आणि ग्वाटेमालातील काही कुटुंबांत किचे या तेथील मूळनिवासींच्या भाषा बोलल्या जातात. त्यांच्यासाठी स्पॅनिश ही दुसरी भाषा आहे, पण केंद्र ते लक्षात घेत नाही. आणि सही झाल्यावर सोबत जवळपास संपते. आराखड्यात लिहिलेली स्पीच थेरपी खरोखर मिळते आहे का, हे तपासण्याची नोंदवही कशी ठेवावी, पुढच्या वार्षिक बैठकीआधी कोणते प्रश्न विचारावेत, याचे एकही सत्र मला दिसले नाही.

तरीही मी माझ्याकडच्या पालकांना तेथे पाठवत राहीन, फक्त मूल अडीच वर्षांचे होण्याआधीच, कारण वाढदिवस जवळ आल्यावर तालमीला वेळ उरत नाही.