दिवाळीच्या डब्याऐवजी ‘रंग दे’: भेट म्हणून कितपत जमतं?

ऐरोली-महापेच्या ऑफिसांतून दिवाळीआधी सुक्यामेव्याच्या डब्यांच्या ऑर्डरी वाशीच्या मसाला मार्केटला जातात. ते पैसे एखाद्या शेतकऱ्याला किंवा कारागिराला कर्जाऊ द्यायचे असतील, तर बंगळुरूचं ‘रंग दे’ हा आमच्या मते उत्तम पर्याय. २००८ साली सुरू झालेली ही संस्था आता रिझर्व्ह बँकेकडे पी-टू-पी एनबीएफसी (कर्ज देणारा आणि घेणारा यांची थेट गाठ घालून देणारी बिगरबँक वित्तसंस्था) म्हणून नोंदलेली आहे. कोणाला, कशासाठी, किती मुदतीचं कर्ज हवं आहे ते वाचून आपणच निवड करायची.

पण हे दान नव्हे. ८०जी, म्हणजे देणगीवरची करवजावट, मिळत नाही, व्याज विवरणपत्रात दाखवावं लागतं आणि कर्ज बुडालं तर झळ पूर्ण आपल्याला. संस्थेला परतफेडीची हमी द्यायला नियमानेच बंदी आहे. त्यामुळे पाच हजार रुपये एकाच नावावर लावू नका, चार-पाच कर्जांत वाटा. तीही वेगवेगळ्या धंद्यांची आणि जिल्ह्यांची हवीत. सगळी शेतीचीच घेतली तर एका अवकाळीत सगळे हप्ते एकदम अडकतात. थकबाकीचे आकडे दरमहा वेबसाइटवर द्यावेच लागतात. ते आधी बघा.

खरी गल्लत भेट देताना होते. पॅन, केवायसी, बँक खातं सगळं कर्ज देणाऱ्याचं लागतं आणि करारही त्याच्याच नावे होतो. ऑफिसातल्या चाळीस जणांची वर्गणी एकाने भरली, तर कर्ज त्या एकट्याचं आणि परतफेडही त्याच्याच खात्यात. भाऊबिजेला ताईसाठी पैसे आगाऊ भरून ठेवू आणि ती सावकाश कर्ज निवडेल, हेही जमत नाही. ऑगस्ट २०२४ च्या नियमांनुसार एस्क्रो खात्यात (कर्जाचे पैसे मधल्या मध्ये ठेवण्याच्या खात्यात) रक्कम दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवता येत नाही.

म्हणून भाऊबिजेची ओवाळणी थेट ताईच्या खात्यात टाका, शेजारी बसून तिची नोंदणी करून द्या आणि कर्ज तिलाच निवडू द्या. केवायसी घटस्थापनेच्या सुमारास उरकलेली बरी. पॅन आणि बँकेतल्या नावात फरक असेल तर पडताळणी तिथेच अडते. परत येणारे हप्ते लहान असतात, घरखर्चात विरून जातात. ते दुसऱ्या कर्जात फिरवायचे असतील तर वेगळं बचत खातं जोडा.

ऑफिसच्या सामायिक वर्गणीसाठी मात्र हा मार्ग नको. ती म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनसारख्या, ग्रामीण उद्योजिकांसोबत काम करणाऱ्या संस्थेला देणगी म्हणून द्यावी. पावती कोणाच्या नावे हवी ते आधी ठरवा. नव्या करप्रणालीत असणाऱ्यांना ८०जीची वजावट मिळत नाही.