मिरजेच्या सतारमेकर गल्लीत कॅननची २४ एमएम

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ लेन्सचा (हीच किट लेन्स) कंटाळा आला, की आपल्याकडे सगळे एकच औषध लिहून देतात: ५० एमएम एफ/१.८ घ्या. (एमएमचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त.) दुकानदार तेच सांगतो, लग्नाचे फोटो काढणारा मावसभाऊ तेच सांगतो, यूट्यूबवरचे दादा तर सांगतातच. औषध वाईट नाही. पण आधी तपासणी, मग औषध, हे पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करणाऱ्या बाईला वेगळं शिकवावं लागत नाही.

माझा कॅमेरा कॅनन २०० डी, म्हणजे आत आरसा असलेला डीएसएलआर. फोटो घरच्यांचे, लक्ष्मी मार्केटच्या परिसरातले आणि सगळ्यात जास्त सतारमेकर गल्लीतले. तिथले कारखाने म्हणजे एकेक खोली. छताला टांगलेले पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे, भिंतीला टेकवलेल्या दांड्या, खाली लाकडाचा भुसा आणि त्यातच मांडी घालून बसलेले कारागीर. २०० डीचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा पडदा, लहान, त्यामुळे ५० एमएमची लेन्स त्यावर ८० एमएमसारखी दिसते. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा आणि खांदे फ्रेममध्ये येतात, संपलं. तोंड, हात आणि तंबोरा एकत्र हवा असेल तर मागची भिंत पाडून शेजारच्यांच्या दुकानात उभं राहावं लागेल. २४ एमएम याच कॅमेऱ्यावर साधारण ३८ एमएमसारखी वागते. माणूसही येतो, त्याचं काम येतं आणि खोलीचं थोडं छतही येतं.

हे मला कुणी सांगितलं नाही, माझ्याच जुन्या फोटोंनी सांगितलं. कॉम्प्युटरवर कुठलाही फोटो उघडून त्याची माहिती पाहिली की तो किती एमएमवर काढलाय ते कळतं. माझे बहुतेक २० ते २८ च्या मधले निघाले. मग किट लेन्सची झूम रिंग २४ वर फिरवून वर चिकटपट्टी लावली आणि तशीच वापरली. लेन्स घेण्याआधी हा उद्योग प्रत्येकाने करावा. पैसे लागत नाहीत आणि आपण कुठे उभे राहतो हे आपल्यालाच कळतं. ज्यांचा आकडा ४५-५५ कडे झुकतो त्यांनी खुशाल ५० घ्यावी. तिचा एफ/१.८ हा मोठा फायदा आहेच.

तर ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ एसटीएम. कॅननने ती २०१४ मध्ये आणली. जाडी २२.८ मिलिमीटर, वजन १२५ ग्रॅम. किट लेन्स २१५ ग्रॅमची आणि जवळपास तिप्पट लांब, म्हणजे फरक कागदावरही दिसतो. पण खरा फरक पर्समध्ये पडला. आता कॅमेरा डबा, छत्री आणि पाण्याच्या बाटलीसोबत रोजच्या पर्समध्ये मावतो. वेगळी कॅमेऱ्याची बॅग काढायची म्हणजे घरात ‘कुठे निघालीस?’ पासून सुरुवात. आमच्या घरच्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, “लेन्स लावलीच नाहीस का? नुसतं झाकण दिसतंय.”

गल्लीतही तेच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून भलेमोठे कॅमेरे घेऊन येणारे पाहुणे मला तरी जास्त दिसतात. मोठी लेन्स रोखली की कारागीर हात थांबवून सदऱ्याची कॉलर नीट करतात आणि ताठ बसतात. माझ्या कॅमेऱ्याकडे बघून एक चाचा म्हणाले, “पासपोर्टचे फोटो काढता काय यानं?” आणि परत कानस चालवायला लागले. मला तेच हवं होतं.

आता या लेन्सचा सर्वांत मोठा गुण. ती १६ सेंटिमीटरवरून फोकस करते. हे अंतर सेन्सरपासून मोजतात. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची जाडी वजा केली, तर लेन्सच्या तोंडापासून वस्तू जेमतेम नऊ सेंटिमीटरवर येते. ५० एमएमला ३५ सेंटिमीटर लागतात. हा फरक कुठे कामाला येतो, तर जवारी लावताना. तार ज्या घोडीवरून जाते तिच्या वरच्या पृष्ठभागाला कारागीर अगदी किंचित उतार देतात. तार त्या उताराला चाटत कंप पावते आणि त्यातून तंबोऱ्याचा तो भरलेला, घुमणारा नाद येतो. घासायचं, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत घासायचं. घोडी आणि तारेच्या मध्ये सुती दोरा पुढे-मागे सरकवून नाद कुठे उघडतो ते शोधायचं. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही. पण नऊ सेंटिमीटरवरून दोऱ्याचा पीळ दिसतो, घोडीवरचे घासल्याचे ओरखडे दिसतात, बोटाच्या पेरातली लाखेची पूड दिसते आणि मागे पुसट झालेला चाचांचा चेहराही फ्रेममध्ये राहतो. अगदी बारीक गोष्टी मोठ्या टिपणाऱ्या मॅक्रो लेन्सने दोरा मिळाला असता, चेहरा मिळाला नसता.

एक अडचण मात्र आहे. इतक्या जवळ गेलं की कॅमेऱ्याचीच सावली कामावर पडते. दाराकडे पाठ करून बसू नका, उजेड बाजूने येऊ द्या. कानसीचा हातही सांभाळा.

पार्श्वभूमी धुसर करण्याचं म्हणाल, तर ते असं जवळ गेल्यावरच. दोन मीटरवरून कुणाचा फोटो काढला तर मागचं कॅलेंडर वाचता येईल. त्या मलईदार धुक्यासाठीच प्राइम, म्हणजे झूम न होणारी, लेन्स घेणार असाल तर इथे निराशा ठरलेली.

उजेडाबद्दलही खरं बोलायला हवं. ‘प्राइम म्हणजे अंधारात उत्तम’ असं सरसकट म्हणतात. या लेन्सचा एफ/२.८ हा किट लेन्सच्या २४ एमएमवर मिळणाऱ्या एफ/४ पेक्षा एकाच स्टॉपने मोठा, म्हणजे उजेड दुप्पट. म्हणजे हलणारा हात १/१२५ सेकंदाला पकडायचा तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० ऐवजी ३२०० वर भागतं. फोटोतले दाणे स्पष्ट कमी होतात, आणि माझं काम हलत्या हातांचं असल्यामुळे मला हे पुरतं. पण किट लेन्समध्ये हात थरथरला तरी सांभाळून घेणारी आयएस यंत्रणा आहे, कॅननच्या हिशेबाने चार स्टॉपची. या चिमुकलीत ती नाही. त्यामुळे भिंतीला टेकवून ठेवलेली सतार, देवळाचा गाभारा, रात्रीचा रिकामा रस्ता अशा न हलणाऱ्या गोष्टींचे हातात धरून काढलेले फोटो किट लेन्सच बरे काढते.

आवाजाची तक्रारही आहे. मोटर दातेरी चाकांवर चालते, फोकस करताना बारीक किरकिर येते. रस्त्यावर ऐकू येणार नाही. पण जवारी ऐकत बसलेल्या माणसाचा कान तो! चाचांनी मान वर करून विचारलं, “काय किरकिरतंय?” त्यानंतर मी आधी फोकस करून घेते आणि ते ऐकायला लागले की कॅमेऱ्याला हात लावत नाही. व्हिडिओ काढणाऱ्यांनी बाहेरचा माइक लावावा. शिवाय हाताने फोकस करायची रिंगही विजेवर चालते, कॅमेरा बंद असताना ती नुसती फिरते. जवळ फोकस केला की लेन्सचं तोंड थोडं बाहेर येतं, म्हणून कॅमेरा बंद करण्याआधी दूरच्या कशावर तरी फोकस करून ते आत घ्यायचं. एफ/२.८ वर कोपरे काळवंडतात, पण कॅमेऱ्यातली दुरुस्ती चालू ठेवली की प्रश्न मिटतो.

आणि उरुसात तिचा उपयोग शून्य. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. १९३७ मध्ये खाँसाहेब गेले, त्यांची कबरही तिथेच आहे. श्रोत्यांच्या गर्दीत मागे बसून २४ एमएमने टिपलं तर समोरच्यांच्या टोप्या, पदर आणि लांबवर गवयाचा ठिपका. तिथे लांबचं जवळ आणणारी ५५-२५० लेन्स न्यायची, नाहीतर कॅमेरा घरी ठेवून गाणं ऐकायचं. मी हल्ली दुसरा मार्ग धरते.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, कॅमेरा असलेल्यांनी ही लेन्स शोधत बसू नये. अडॅप्टर लावला की तिच्या सडपातळपणाला अर्थ उरत नाही. कॅननची आरएफ २८ एमएम एफ/२.८ ही १२० ग्रॅमची आहे, फुजीची २७ एमएम डब्ल्यूआर तर फक्त ८४ ग्रॅमची. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, डीएसएलआर असेल तर ही ईएफ-एस बसणारच नाही. त्यांच्यासाठी इतक्याच जाडीची ४० एमएम आहे.

माझी लेन्स जुन्या बाजारातली, साडेसहा हजारांची. डीएसएलआर विकणारे वाढलेत, त्यामुळे चांगला माल मिळतो. घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत टाकून दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्तात दिली तरी घेऊ नका. धुळीचे दोन-चार कण चालतात. कॅमेरा सोबत नेऊन एकदा हाताच्या अंतरावर, एकदा रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस करून बघा, मोटर अडखळता कामा नये. घरी आल्यावर घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. जून ते सप्टेंबर कपाटात कपड्यांच्या घडीखाली लेन्स ठेवणाऱ्यांनी मात्र दसऱ्याला पूजेसाठी काढताना पुन्हा तो टॉर्च हाताशी ठेवावा.