पॉलिमर, आग की वायू: जुन्या तेलक्षेत्रासाठी काय निवडावं?

हातात एक जुनं तेलक्षेत्र आहे, विहिरींतून तेलापेक्षा पाणीच जास्त येतंय आणि उरलेलं तेल कसं काढायचं ते ठरवायचंय. अशा वेळी भारतातली चार क्षेत्रं शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

बाडमेरचं मंगला 2004 मध्ये सापडलं आणि 2009 मध्ये सुरू झालं. तिथलं तेल मेणचट, पाण्यापेक्षा दाट. तेल ढकलायला खाली नुसतं पाणी सोडलं तर ते सोपी वाट धरून पुढे पळतं आणि तेल मागे राहतं. म्हणून 2014 पासून पाण्यात पॉलिमर, म्हणजे लांब रेणूंचं रसायन, मिसळून पाणीच दाट केलं. खडक वालुकाश्माचा आणि उत्तम झिरपणारा, तापमानही पॉलिमरला सोसणारं. तुमचं क्षेत्र असं असेल तर फार शोधाशोध करू नका, पॉलिमरच घ्या.

मेहसाण्याजवळच्या बलोल-सांथालचं तेल याहून कितीतरी दाट. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने तिथे खडकात हवा सोडून थोडं तेल जमिनीखालीच जाळलं. त्या उष्णतेने बाकीचं पातळ होतं. पायलट, म्हणजे छोटा चाचणी प्रयोग, 1990 चा, मोठं काम 1997 पासून. उपाय खरा आहे, पण हवा दाबून खाली सोडणारा कॉम्प्रेसर थांबून चालत नाही आणि न जळलेला ऑक्सिजन उत्पादन विहिरीत पोहोचला तर स्फोटाचा धोका. अनुभवी माणसं नसतील तर या वाटेला जाऊ नये.

गुजरातमधल्याच हलक्या तेलाच्या गंधारसाठी कोयली रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड वापरायचा करार 2019 मध्ये झाला; हा वायू तेलात मिसळून ते पातळ करतो. इथे निर्णय वायूच्या स्रोतावर आणि पाइपलाइनवर ठरतो.

मुंबई हायचा मोह सगळ्यात मोठा. 1974 मध्ये सापडलेल्या या क्षेत्रात 1984 पासून पाणी सोडलं जातंय, आणि एक टक्का जास्त तेल निघालं तरी ते एखाद्या लहान क्षेत्राच्या आयुष्यभराच्या तेलाहून जास्त भरेल. पण खडक चुनखडीचा, खाली उष्णता जास्त, समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर जागा तुटपुंजी. मंगलाचं पॉलिमर उचलून इथे आणता येणार नाही. मला इथे कमी क्षारांचं पाणी किंवा आलटून-पालटून पाणी आणि वायू हेच आधी आजमावण्यासारखं वाटतं.

2018 च्या सरकारी धोरणाने क्षेत्रांची छाननी आणि मग पायलट असा क्रम घालून दिला आहे. पायलटची घाई होते, ती करू नका. आधी पाण्यासोबत ट्रेसर, म्हणजे पाण्याची वाट दाखवणारं खुणेचं रसायन, सोडा आणि ते कोणत्या विहिरीत किती दिवसांनी निघतं ते पाहा. दोन-चार दिवसांतच निघालं, तर मध्ये भेग आहे, आणि महागडं रसायनही त्याच भेगेतून वाहून जाईल.