सहा शनिवार, एक प्रश्न: विद्यापीठाच्या अध्यापन-संशोधन कक्षाचा अनुभव

अकरा वर्षं मी पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवतेय. "न्यूटनचा तिसरा नियम मुलांना पाठ असतो, कळलेला नसतो," हे माझं स्टाफरूममधलं दरवर्षीचं वाक्य. शिक्षकांना स्वतःच्या वर्गावर संशोधन करायला शिकवणाऱ्या या कक्षात तेच बोलले, तेव्हा तिथल्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलं, "हे तुम्हाला कशावरून कळलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग सहा शनिवार ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नवी मुंबई गाठली. पहिले दोन निव्वळ प्रश्न घडवण्यात गेले. बस आणि रिक्षा धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं (तिसऱ्या नियमाने दोघंही सारखंच), यावर मुलांनी आधी शेजाऱ्याशी वाद घातला, तर समज वाढते का? एवढाच प्रश्न, पण तपासता येणारा.

मोजायचं कसं, तेही तिथेच शिकले. वर्गाची सरासरी ३० वरून ५८ वर गेली. वाढायला जागा ७० गुणांची होती, त्यातले २८ मिळवले, म्हणजे लाभ ०.४. रिचर्ड हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांचा असाच हिशेब मांडला होता: नुसत्या व्याख्यानांनी सरासरी ०.२३, मुलांना चर्चेत ओढलं तिथे ०.४८. माझी चाचणी छोटी, बॅच एकच, त्यामुळे तुलना जपून करा, असं मॅडमनी बजावलं. तरी आधीच्या दहा बॅचेसचं काहीच मोजलं नाही, याचं वाईट वाटलं.

सगळ्यात मोलाचा भाग संमतीचा, म्हणजे आपले पेपर संशोधनात वापरायला मुलांनी होकार देण्याचा. गुण माझ्या हातात असताना एखादी मुलगी मला नाही कसं म्हणेल? म्हणून मी वर्गाबाहेर थांबले, संमतीपत्रं सहकाऱ्याने घेतली आणि पाकीट सीलबंद ठेवलं. ते निकाल लागल्यावरच उघडलं. तास आणि चाचणी सगळ्यांना सारखीच. नकार देणाऱ्यांचे पेपर फक्त हिशेबातून वगळले.

तक्रार एकच, पण मोठी. माणसांवरच्या संशोधनाला आधी मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचा फॉर्म औषधांच्या चाचण्यांसाठी केलेला आहे. रक्ताच्या नमुन्यांचे रकानेसुद्धा "लागू नाही" लिहून भरावे लागले. मंजुरीला पाच आठवडे लागले, तोवर तिसरा नियम शिकवून झाला होता आणि मला पुढच्या बॅचपर्यंत थांबावं लागलं. वर्गातल्या संशोधनासाठी वेगळा, दोन पानी फॉर्म कक्षाने करून घ्यायलाच हवा.

जायचं असेल तर मार्चमध्येच नाव द्या. मागच्या वर्षीच्या वीसेक उत्तरपत्रिका सोबत न्या, पहिल्याच दिवशी त्या मागतात.