तरुण की मुरलेला: स्ट्रायकर घेताना क्लबने काय बघावं?

ऑगस्ट २०२३ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन बड्या क्लबांनी स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारे आघाडीचे खेळाडू, घेतले. मँचेस्टर युनायटेडने अटालांटाकडून वीस वर्षांचा रासमुस हॉयलुंड घेतला, सुमारे ६.४ कोटी पौंड, शिवाय कामगिरीच्या अटींवर ८० लाख. बायर्न म्युनिकने टॉटनहॅमकडून नुकताच तिशीत पोचलेला हॅरी केन सुमारे १० कोटी युरोंना घेतला.

गोल मोजायला बसलं तर तुलनाच होत नाही. केनने जर्मनीच्या बुंडेसलिगा या लीगमधल्या पहिल्याच हंगामात ३२ सामन्यांत ३६ गोल मारले. हॉयलुंडचे त्याच हंगामात इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये १०, आणि त्यातला पहिला यायला २६ डिसेंबर उजाडला. अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून युनायटेडने बरोबरी साधली होती. ८२व्या मिनिटाला कॉर्नरवरून चेंडू त्याच्यापुढे पडला आणि त्याने तो डाव्या पायाने जाळ्यात मारला. तिथून पुढे तो खेळलेल्या सलग सहा लीग सामन्यांत गोल करत गेला, मग दुखापत झाली. विशीतला स्ट्रायकर घेताना हे गृहीतच धरावं: महिनोन्‌महिने दुष्काळ, मग एकदम सरी.

केनचा ऑक्टोबर २०२३ मधला डार्मश्टाटविरुद्धचा गोल पाहा. गोलरक्षक पुढे आलाय हे हेरून त्याने मैदानाच्या स्वतःच्या अर्ध्यातूनच चेंडू जाळ्यात मारला. हा माणूस वेगासाठी कधीच ओळखला जात नव्हता, म्हणून तिशीने त्याचं फारसं काही हिरावलं नाही. ज्याची सगळी भिस्त पळण्यावर आहे, असा तिशीतला फॉरवर्ड मी लांबच्या करारावर कधीच घेणार नाही. आणि केन असूनही बायर्न त्या वर्षी तिसरं आलं. विजेतेपद पुढच्या हंगामात मिळालं.

पैशाचं गणित तरुणाच्या बाजूने असतं, असं सर्रास म्हटलं जातं. डॉर्टमुंडने जानेवारी २०२० मध्ये १९ वर्षांचा अर्लिंग हालांड सुमारे २ कोटी युरोंना घेतला आणि २०२२ मध्ये तो मँचेस्टर सिटीला ६ कोटींना गेला. पण हॉयलुंडला २०२५ मध्ये युनायटेडने नापोलीला लोनवर, म्हणजे उसना, दिलं. खेळ बहरला नाही, तर नुसतं कमी वय किंमत टिकवून धरत नाही.

मला खरा फरक दिसतो तो भोवतालच्या संघात. हालांड डॉर्टमुंडकडून आउग्सबुर्गविरुद्ध बदली खेळाडू म्हणून उतरला आणि २३ मिनिटांत तीन गोल करून गेला, कारण मागून रॉयस, सांचो, हकीमी हे सहकारी सतत चेंडू पुरवत होते आणि स्वतःही गोल करत होते. युनायटेडमध्ये रोनाल्डो आधीच गेला होता, मार्शियाल वारंवार दुखापतग्रस्त, आणि आदल्या हंगामात लीगमध्ये १७ गोल करणारा रॅशफर्ड त्या हंगामात सात गोलांवर अडकला. सगळा भार वीस वर्षांच्या पोरावर टाकणं हा त्याच्यावर अन्याय होता. दुसरीकडून गोल येत असतील तर तरुण घ्या. येत नसतील तर आधी अनुभवी घ्या.

बजेट लहान असेल तर इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचा दाखला जवळचा आहे. २०१७ मध्ये त्यांनी ३४ वर्षांचा स्पॅनिश स्ट्रायकर कोरो आणला. प्रशिक्षक लोबेरांच्या पासिंगच्या खेळात त्याला लांब धावावं लागत नव्हतं. बॉक्समध्ये योग्य जागी पोचणं पुरे होतं. पहिल्या हंगामात १८ गोल, दुसऱ्यात १६, दोन्ही वेळा सर्वाधिक गोलांचा गोल्डन बूट. असा माणूस मिळाला तर करार दोन वर्षांचाच करा आणि सरावात त्याच्या शेजारी आपल्या अकादमीतला एक पोरगा रोज उभा करा.